मृगया : रानातली आणि शेतातली

'मृग' या शब्दाचा मूळ अर्थ हरीण नव्हे, तर कोणतेही रानटी जनावर, हे आम्ही दरवर्षी पदवीच्या वर्गात सांगतो. 'मृगेंद्र' म्हणजे सिंह, 'शाखामृग' म्हणजे माकड, ही उदाहरणे फळ्यावर लिहितो, अर्थसंकोच म्हणजे काय ते समजावतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. इंग्रजीतल्या 'डिअर' या शब्दाचेही नेमके हेच झाले आहे. जुन्या इंग्रजीत तो कोणत्याही जनावराला लावीत. पुढे तो हरणापुरता उरला. एकमेकींपासून इतक्या दूर गेलेल्या दोन भाषांनी 'जनावर' या कल्पनेचा संकोच करीत हरणापाशीच येऊन थांबावे, याची आम्हांला नेहमी गंमत वाटत आली. त्या गमतीमागे काही दुखरे असू शकेल, असे २०१८ च्या नोव्हेंबरापर्यंत मनात आले नव्हते.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात गेलो होतो. आमच्यातल्या एकीचा धाकटा भाऊ मॅडिसन शहरापासून जवळ राहतो. निघण्याच्या थोडे आधी, २ नोव्हेंबरच्या रात्री, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या परिसरात 'अवनी' या नावाने गाजलेली वाघीण गोळी घालून मारली गेली होती. तेरा माणसांच्या मृत्यूंना तिला जबाबदार धरले गेले होते. मुंबई-पुण्यात तिच्यासाठी मेणबत्त्या लावल्या जात होत्या आणि आमच्याकडे 'आता निदान कापूस वेचायला जाता येईल' असे लोक म्हणत होते. दोन्ही बाजूंचे आमचे स्नेही आम्हांला तुमचे मत काय म्हणून विचारीत, आणि आम्ही दोन्हीकडे गुळमुळीत उत्तरे देत असू. विमानात बसताना या प्रश्नातून तीन आठवडे सुटका झाली, असेच वाटले होते.

मॅडिसनला उतरलो तर तिथे सगळे गाव शिकारीच्या तयारीत. विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणे मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. पाच लाखांहून अधिक लोक त्यासाठी परवाना घेतात. पेट्रोल पंपावर, किराणा दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर झगझगीत नारिंगी जाकिटे आणि टोप्या दिसत होत्या. हा रंग कायद्याने सक्तीचा आहे. २०१६ पासून तसाच झगझगीत गुलाबीही चालतो. माणसाने माणसाला हरीण समजू नये यासाठी ही सोय. हरणाला नारिंगी रंग आपल्याला दिसतो तसा दिसत नाही. कार्तिकातल्या दिंडीत भगवे झेंडे पाहिलेल्या डोळ्यांना तो सगळा मामला सुरुवातीला सणासारखाच वाटला.

शिकारीचा आमचा अनुभव सर्वस्वी पुस्तकी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची शिकार संपली तेव्हा आमचा जन्मही झालेला नव्हता. मराठीतल्या शिकारकथा आम्ही वाचल्या त्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचाव्यात तशा. त्यातला धूर कधी नाकात गेला नाही. त्यामुळे भावाच्या ओळखीच्या एका वृद्ध शेतकऱ्याने 'पाहायला या' म्हटले तेव्हा उत्सुकता अधिक होती की धास्ती, हे सांगता येणार नाही. ते आणि त्यांचे धाकटे बंधू दोघेही सत्तरीच्या घरातले. थोरले आपल्या शेतातच शिकार करतात. धाकटे दरवर्षी चार-साडेचार तास उत्तरेला गाडी हाकून जंगलात जातात. पन्नास वर्षे या दोघांचा एकच वाद चालू आहे : खरी शिकार कोणती?

*

हा वाद समजून घ्यायचा तर त्या हरणाची गोष्ट थोडी माहीत हवी. शेपटीचा खालचा भाग पांढराशुभ्र. धोका जाणवला की ते ती उभारते आणि झाडीत एक पांढरे निशाण उड्या मारीत दिसेनासे होते. म्हणून ते 'व्हाइटटेल'. बेसुमार शिकारीमुळे १९०० च्या सुमारास सगळ्या अमेरिकेत ही हरणे पाच लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरली होती. आज ती अंदाजे तीन कोटी आहेत. शिकारीवर नियम आले, १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर कर बसवून ते पैसे वन्यजीवांच्या व्यवस्थेकडे वळवले. परंतु तेवढ्याने हा चमत्कार घडला नाही. लांडगे आणि प्यूमा बहुतेक ठिकाणांहून आधीच मारून संपवले होते, आणि माणसाने मैलोगणती मका, सोयाबीन आणि लसूणघास पेरून ठेवला होता. मधूनमधून ओकच्या राया ठेवल्या होत्या. हे हरीण मुळात काठावरचे प्राणी आहे : निजायला झाडी हवी आणि चरायला उघडे रान. शेतीने त्याला काठच काठ दिले.

विस्कॉन्सिनचे वनखाते आजही हरणांच्या हिशेबासाठी राज्याचे विभाग पाडते ते 'जंगल' आणि 'शेती' असेच. उत्तरेकडे वनविभाग, दक्षिणेकडे शेतीविभाग. दक्षिणेत हरणे इतकी, की मादी मारण्याची परवानगी परवान्यासोबतच मिळते. उत्तरेत काही ठिकाणी मादीला हात लावता येत नाही. दोन भावांच्या वादाला अशी सरकारी सीमारेषाही आहे.

*

१७ नोव्हेंबरच्या शनिवारी पहाटे पाचला आम्ही थोरल्यांच्या शेतावर पोहोचलो. मॅडिसनच्या पश्चिमेचा हा उंचसखल मुलूख. हिमयुगातल्या बर्फाच्या थरांनी आजूबाजूचा प्रदेश सपाट केला, हा तेवढा वाचला. कापलेल्या मक्याचे खुंट, त्यापलीकडे लसूणघासाचा पट्टा, आणि उतारावर ओकची राई. राईच्या तोंडाशी त्यांनी नातवंडांसाठी बांधलेले लाकडी मचाण होते. मचाण म्हणावे तर त्याला छप्पर होते, खिडक्या होत्या, बसायला तीन खुर्च्या होत्या. आमच्याकडची जागलीची माळ्याची जागा आठवली. तिथे चार बांबू, वर कडबा, आणि सोबतीला पत्र्याचा डबा.

त्यांनी हळू आवाजात सगळे समजावून सांगितले, आणि भाऊ ते आम्हांला मराठीत कुजबुजत राहिला. हरणे रात्रभर मक्यात आणि घासात चरतात. उजाडताना राईत परततात. परतायच्या वाटा ठरलेल्या. वारा आज वायव्येचा, म्हणजे आपला वास राईकडे जाणार नाही. साधारण सात-सव्वासातला त्या कुंपणाच्या पडलेल्या तारेवरून तीन-चार माद्या येतील. "तुम्हांला एवढे नक्की कसे माहीत?" असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "माझेच धान्य खातात. त्यांचे जेवणाचे वेळापत्रक मला माहीत नसेल तर कोणाला असेल?"

सूर्योदयापूर्वी अर्धा तास, कायद्याने वेळ सुरू होताच, दूरवर पहिला बार ऐकू आला. मग दुसरा, मग चारी दिशांनी. दिवाळीच्या पहाटेसारखेच, फक्त मध्ये फार शांतता. सात वाजून दहा मिनिटांनी तारेवरून चार माद्या आल्या. त्यांनी सर्वांत मागच्या मादीवर नेम धरला. आवाज झाला, तिघी पांढरी निशाणे उभारून राईत शिरल्या, चौथी पाच-पंचवीस पावले धावली आणि घासात बसल्यासारखी खाली गेली. ते लगेच उतरले नाहीत. दहा मिनिटे बसून राहिले. त्या दहा मिनिटांत कोणीही काही बोलले नाही.

त्यानंतरचे सगळे एखाद्या शेतकामासारखे झाले. पोट चिरून आतडी काढली, मादीला गाडीला बांधून गोठ्याशी आणले, फोनवरून सरकारी नोंद केली. मग डोके वेगळे करून तपासणीसाठी एका पेटीत ठेवले. या भागात २००२ च्या फेब्रुवारीत हरणांचा एक असाध्य रोग सापडला. मेंदू हळूहळू भुसभुशीत करणारा हा रोग एका बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो. जनावर बरे होत नाही, आणि बरीच महिने ते आजारी आहे हे दिसतही नाही. माणसाला तो झाल्याचा पुरावा आजवर नाही, तरी बाधित हरणाचे मांस खाऊ नये असे सांगतात. दाट वस्तीत, एकाच खाद्यावर तोंडे लागली की तो पसरतो. म्हणजे भरल्या शेताचाच हा रोग. अहवाल यायला दोन आठवडे. तोवर मांस शीतपेटीत, वर चिठ्ठी : 'थांबा'.

स्वयंपाकघरात कॉफी घेताना त्यांनी शेताची वही दाखवली. पेरण्या, पाऊस, भाव, आणि दर नोव्हेंबरात हरणे. वही त्यांच्या वडिलांनी सुरू केली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी राज्याच्या या दक्षिण भागातून हरीण जवळपास दिसेनासे झाले होते. वडिलांनी पन्नासच्या दशकात शेतात पहिले हरीण पाहिले तेव्हा ट्रॅक्टर थांबवून सगळ्या घराला हाका मारल्या होत्या. वहीत त्या दिवशी पिकाबद्दल काहीच लिहिलेले नाही. आता वर्षाला चार-पाच हरणे मारूनही मक्याच्या काठच्या ओळी हाती लागत नाहीत. मारण्याला तिकडे सरकारी भाषेतही 'कापणी' याच अर्थाचा शब्द वापरतात. त्यांना तो शब्द खोटा वाटत नव्हता. आम्हांला तो सकाळपर्यंत खोटा वाटला होता.

वही मिटून त्यांनी सहज विचारले, "तुमच्याकडे पीक खाणाऱ्या जनावरांचे काय करता?"

आम्ही म्हणालो, "जागल करतो. रात्री शेतात बसतो, डबे वाजवतो, गोफण मारतो. मारायला बंदी आहे."

"आणि पुरते तेवढ्याने?"

भावाने प्रश्नाचे भाषांतर केले. आमच्यातल्या एकाने उत्तर दिले नाही. दुसरीने ते लक्षात ठेवले.

*

सोमवारी आम्ही धाकट्यांबरोबर उत्तरेला निघालो. शेकामेगॉन-निकोले हे तिथले राष्ट्रीय वन पंधरा लाख एकरांहून मोठे आहे. मक्याची शेते विरत गेली, पाइन आणि ॲस्पेन सुरू झाले, बर्फ लागला. एका ओढ्याजवळ त्यांची लाकडी खोली होती. शेगडी, चार बाके, भिंतीवर जुन्या शिंगांवर अडकवलेले मोजे. इथे वीज नव्हती.

इथली शिकार वेगळ्याच व्याकरणाची. शेतात हरणाला कुठे यायचे ते ठरलेले असते. जंगलात खाद्य सगळीकडे थोडे थोडे आणि हरीण कुठेच नक्की नाही. शेतात दोन-तीनशे पावलांवरचे दिसते, इथे चाळीस-पन्नास पावलांवर नजर झाडीत अडते. तिकडे बसायचे, इकडे चालायचे. चालायचे म्हणजे दोन पावले टाकून दोन मिनिटे उभे राहायचे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तोड झालेला भाग कोणता, तिथे कोवळी झाडे आली आहेत का. बीव्हरने बांध घालून केलेले तळे आटून कुरण झाले आहे का. सीडरची दलदल किती दूर, कारण कडक थंडीत हरणे तिथे आडोशाला गोळा होतात. कोणत्या खोडाची साल शिंगे घासून ताजी सोललेली आहे. बर्फातल्या खुराच्या खुणेची कड धारदार आहे की वाऱ्याने बोथट झाली आहे. धाकटे हे सगळे वाचत चालत होते. आम्ही भाषेचे शिक्षक, पण आयुष्यात प्रथमच निरक्षर असल्यासारखे त्यांच्या मागे चाललो होतो.

दोन दिवसांत आम्हांला एकही हरीण दिसले नाही. एक माग मात्र मिळाला. मोठ्या नराचा, एकट्याचा. त्यामागे आम्ही चार तास चाललो. एके ठिकाणी तो वळून आपल्याच मागाच्या बाजूला, वाऱ्याखाली येऊन उभा राहिला होता. बर्फात खुरांची दाटी होती, शेजारी वितळलेली गरम लघवीची पिवळी खूण होती. आम्ही त्याला शोधीत होतो त्या वेळी तो तिथे उभा राहून आमचा वास घेत होता. धाकटे हसले, टोपी काढून डोके खाजवले, आणि परत फिरले. "थोरल्याला हे कधी कळणार नाही," ते म्हणाले. "त्याची हरणे त्याच्याच घरची. त्यांना मारणे म्हणजे कोठीतले पोते उचलणे."

त्यांचे म्हणणे आम्हांला पटले, आणि तिथेच संशयही आला. कारण हे 'घनदाट जंगल' आपण मानतो तसे अनादि नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथला पांढरा पाइन जवळजवळ समूळ तोडून शिकागोसारख्या शहरांची घरे बांधली गेली. उरलेल्या पालापाचोळ्याला आगी लागल्या. पडीक झालेल्या जमिनीवर १९३३ मध्ये राष्ट्रीय वने झाली. आज आपण पाहतो ते रान आमच्या आजोबांच्या वयाचे. आणि त्यात कोवळा पाला मिळतो तोही लाकूडतोड चालू आहे म्हणून. शिवाय ते रिकामेही नव्हते. ओजिब्वे लोकांनी १८३७ आणि १८४२ च्या करारांत ही जमीन दिली तेव्हा शिकारीचा हक्क राखून ठेवला होता. तो मान्य व्हायला १९८३ चा न्यायालयीन निकाल यावा लागला. जंगल सगळ्यांचे असते, हा आमचा समजही भावाने खोडला. मध्येमध्ये खासगी तुकडे आहेत. २००४ च्या हंगामात याच उत्तर भागात लाओसमधून आलेल्या ह्मोंग समाजातला एक शिकारी दुसऱ्यांच्या जमिनीतल्या मचाणावर सापडला, शब्दाने शब्द वाढला आणि त्याच्या गोळ्यांनी सहा माणसे मेली. नेमके काय बोलले गेले, यावर दोन्ही बाजूंचे अजून एकमत नाही. "म्हणून मी इथे एकटा कधी येत नाही," भाऊ म्हणाला. "माझ्याकडे बघून माणसे आधी नकाशा विचारतात." त्याने हे अगदी सहज सांगितले. बहिणीला मात्र त्या रात्री नीट जेवण गेले नाही.

जेवणानंतर धाकटे आणि भाऊ झोपले. शेगडीपाशी आम्ही दोघेच उरलो. तेव्हा आमच्यातल्या एकाने दुसरीला विचारलेले नसताना सांगितले.

१९९८ ची गोष्ट. पांढरकवड्याच्या बाजूला, टिपेश्वरच्या जंगलापासून काही कोसांवर वडिलांची शेती. त्या वर्षी तूर चांगली होती आणि कर्ज वाईट होते. रोही येत, रानडुकरे येत, चितळांचा कळप तर रोजचाच. बाबांनी दोन महिने जागल केली. एका रात्री त्यांना ताप होता. त्यांनी विहिरीच्या मोटारीवरून तार ओढली आणि तुरीभोवती सोडली. पहाटे एक चितळ पडलेली होती. मादी. विसाव्या वर्षीच्या मुलाने आणि बापाने उजाडायच्या आत बांधाच्या कडेला खड्डा खणला. खाण्याचा प्रश्नच नव्हता. गावात वास गेला असता. खड्डा बुजवून बाबा त्यावर तुराट्या पसरत राहिले, गरज नसताना, कितीतरी वेळ. मग म्हणाले, "मास्तर होशील तेव्हा हे विसर." पुन्हा तार लावली नाही. त्याविषयी २०१३ साली जाईपर्यंत बोललेही नाहीत. मुलगा मास्तर झाला. दरवर्षी 'शाकुंतला'चा पहिला अंक शिकवीत राहिला, ज्यात राजा हरणाचा पाठलाग करीत येतो आणि हे आश्रमातले मृग आहे, मारू नकोस, म्हणून तापस त्याला थांबवतात. चौदा वर्षांच्या संसारात दुसरीला यातले काही माहीत नव्हते.

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने एकच विचारले : "पोटात पिल्लू होते का?"

"पाहिले नाही," तो म्हणाला. "पाहायचे नव्हते."

*

परतल्यावर आम्ही या विषयावरचे जे जे मिळेल ते वाचले. अस्वस्थतेवर आम्हांला एवढाच उपाय येतो. विल्यम फॉकनरच्या 'गो डाउन, मोझेस' (१९४२) या पुस्तकात मिसिसिपीतले अरण्य वर्षागणिक मागे हटत जाते; म्हाताऱ्या शिकाऱ्याला तरुणपणी गावाबाहेर असलेले रान गाठायला शेवटी मोटारीने दूरवर जावे लागते. तिथल्या 'डेल्टा ऑटम' या कथेच्या अखेरीस मारले जाते ती मादी असते, आणि त्या एका तपशिलाने माणसांच्या सगळ्या व्यवहारावर उजेड पडतो. फॉकनर वाचताना धाकट्या भावाची बाजू खरी वाटते : रान गेले की शिकारीतली मर्यादाही जाते.

अल्डो लिओपोल्डचे वाचताना थोरल्याची बाजू खरी वाटते. लिओपोल्ड विस्कॉन्सिनचाच, १९३५ मध्ये त्याने तिथे एक उजाड शेत घेतले, आणि त्याचे सुप्रसिद्ध पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये आले. तरुणपणी आपण मारलेल्या लांडगिणीविषयी तो त्यात लिहितो. लांडगे कमी म्हणजे हरणे जास्त, हरणे जास्त म्हणजे शिकाऱ्याचा स्वर्ग, असे त्याला तेव्हा वाटले होते. मग हरणांनी ओरबाडलेले डोंगर पाहून त्याचे मत फिरले. १९४३ मध्ये राज्याच्या आयोगावर असताना त्याने माद्या मारण्याच्या हंगामाला पाठिंबा दिला. केवढा गदारोळ झाला! आदल्याच वर्षी 'बॅम्बी' हा चित्रपट आला होता. (फेलिक्स साल्टनच्या मूळ कादंबरीतले हरीण युरोपातले, लहान चणीचे, चित्रपटात ते व्हाइटटेल झाले.) हरणावर प्रेम करणारा माणूस माद्या मारा असे सांगतो, हे लोकांना कळेना. आम्हांला मात्र त्या माणसाचे एकटेपण कळल्यासारखे वाटले.

तेव्हा खरी शिकार कोणती? आमचे मत असे झाले आहे की जंगलातली आणि शेतातली हा भेद हरणाचा नसून माणसाचा आहे. जंगलात माणूस हरणाच्या घरी जातो. हरला तरी परत येऊन गोष्ट सांगू शकतो. शेतात हरीण माणसाच्या ताटात येते, आणि तिथे गोष्ट नसते, हिशेब असतो. शिकारकथा सगळ्या जंगलातल्या असतात, याचे कारण हेच असावे. शेतातल्या मरणाला वाङ्मयप्रकार नाही. थोरल्यांच्या हिशेबाला निदान वही होती, परवाना होता, सरकारी नोंद होती, आणि बार झाल्यानंतर गप्प बसण्याची दहा मिनिटे होती. बाबांच्या हिशेबाला काहीच नव्हते. कायद्याने हरणाला आपल्याकडे पूर्ण संरक्षण दिले आणि तुरीचा प्रश्न रात्रीच्या अंधारावर सोपवला. बाबांचा गुन्हा यामुळे पुसला जात नाही. तारेवर हरीणच पडेल, माणूस पडणार नाही, याची त्यांना त्या रात्री काय खात्री होती? दरवर्षी वर्तमानपत्रात अशा तारांवर गेलेल्या माणसांच्याही बातम्या येतात. आम्ही त्या आता शेवटपर्यंत वाचतो.

तिकडची व्यवस्था निर्दोष आहे, असेही म्हणवत नाही. उत्तरेत सत्तरच्या दशकापासून लांडगे मिनेसोटातून आपल्या पायांनी परत आले, तर हरणे कमी होतात म्हणून ते नकोत. २०२१ च्या फेब्रुवारीत तीन दिवसांच्या आत २१८ लांडगे मारले गेले. राज्याने ठरवलेला आकडा ११९ होता.

आणि ती घासात पडलेली मादी. डिसेंबरात भावाचा निरोप आला. तपासणीत रोग निघाला होता. दिसायला धडधाकट, चौघींत सर्वांत मागे चालणारी. मांस ठरलेल्या कचराकुंडीत टाकावे लागले. म्हातारबुवांनी वहीत काय लिहिले, ते भावाने विचारले नाही आणि आम्हीही सुचवले नाही. पण इकडची एक न खाता पुरलेली आणि तिकडची एक न खाता टाकलेली, अशा दोन माद्या आमच्या बोलण्यात तेव्हापासून एकत्र येतात.

गेल्या सत्रात 'शाकुंतल' शिकवताना तापसांच्या विनवणीपाशी आम्ही नेहमीप्रमाणे थांबलो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. घाटंजीकडचा, रात्री जागल करून सकाळी वर्गात पेंगणारा. "सर," त्याने विचारले, "त्या आश्रमात शेती होती का?"

वर्ग हसला. आमच्यातला जो शिकवीत होता त्याला हसता आले नाही. आश्रमात पेरणी नव्हती, असे त्याने सांगितले. रानात आपोआप उगवणारे नीवार धान्य होते. आणि चौथ्या अंकात शकुंतलेने श्यामाकाच्या मुठी भरवून वाढवलेले हरीण आहे. म्हणजे तिथे हरीण पीक खात नाही, त्याला दिले जाते.

"मग बरोबर आहे," मुलगा म्हणाला आणि खाली बसला.

घरी आल्यावर हे दुसरीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली की त्या मुलाला ऑफ पीरियडला बोलावून घे, किती एकर आहे ते विचार. आम्ही विचारले. अडीच एकर, तूर आणि कापूस. आणि रात्री काय करता, हे विचारण्याआधी आम्ही खोलीचे दार लावून घेतले.